अर्ध्या राशीचं टेबल

प्रीतीला मी बजावलं होतं, "एक वाजायच्या आत बाहेर पडलीस तर गेटसमोर मीच बसलेला दिसेन. मग बघ." परीक्षेला निघालेल्या पोरीशी असं बोलू नये, हे मलाही कळतं. पण गेल्या खेपेला ही बाई पेपर हातात पडल्यावर पाऊण तासात उठून आली होती. का, तर हात कापायला लागला. त्याच्या आधीच्या खेपेला तासाभरात. बी.एस्सी.चे बाकीचे सगळे विषय सुटले, स्टॅटिस्टिक्सचा हा एक पेपर चार वेळा राहिला. प्रवेशापासून सहा वर्षांत सगळं सोडवायचं असा नियम, आणि सहावं वर्ष हेच. म्हणजे आज पेपर गेला तर नुसता पेपर जाणार नव्हता, अख्खी पदवी जाणार होती.

मी जयतीर्थ कट्टी. एकतीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो आणि केशवापुरात घरी बसून बायकोच्या कामात खोड्या काढतो, असं माझी बायको श्रीलक्ष्मी सांगते. शिकवण्या घ्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं. पण जूनमध्ये प्रीतीची आई दुर्गव्वा तिला घेऊन दारात आली. मुलींच्या सरकारी होस्टेलात स्वयंपाक करणारी बाई, नवरा नाही. ती आत येऊन बसलीसुद्धा नाही. "सर, हिला एवढं सोडवून द्या की. डिग्री झाली तर ती सरकारी क्लार्कची परीक्षा तरी देईल," एवढंच म्हणाली. मी पोरीकडे बघितलं आणि नाही म्हणायला तोंड उघडेना.

कारण मी तिला ओळखलं होतं. पाच वर्षांपूर्वी ती माझ्याच वर्गात होती. चाचणीच्या पेपरात तिनं एका गणिताचं उत्तर लिहिलं होतं, १.४७७२. आता प्रॉबॅबिलिटी म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता, ती शून्य ते एकच्या मधेच असायची. एकच्या वर गेली म्हणजे घडणारच याहूनही जास्त घडणार. मी तो पेपर सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हणालो, "बघा रे, हिच्याकडे शंभरात एकशे सत्तेचाळीस वेळा पाऊस पडतो." वर्ग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवसापासून प्रीती माझ्या तासाला आली नाही. मला ते आठवत होतं, तिलाही आठवत असणार. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही रोज समोरासमोर बसलो आणि दोघांपैकी कुणीही ते काढलं नाही.

तिला पास व्हायला ऐंशीतले बत्तीस हवे होते. मी माझ्या पद्धतीनं नेम धरला होता. प्रमेयं आणि सिद्धता तिच्या हातात राहत नाहीत, तिथं मिळून आठ. बायनॉमियल या धड्यावर तेरा. आणि नॉर्मलवर पाच गुणांची तीन गणितं येतातच, त्यांवर बारा. एकूण तेहेतीस. एकच गुण वर. बारा का, तर प्रत्येक गणितात आकृतीला एक गुण असतो आणि तो मी तिला सोडायला लावला होता.

नॉर्मलची आकृती म्हणजे मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत गेलेली टेकडी. टेकडीखालची सगळी जागा मिळून एक. मधून चिरली की अर्धी इकडे, अर्धी तिकडे. अमक्या तासांच्या आत जाणारे बल्ब किती, अमक्यापेक्षा उंच मुलं किती, अशा प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या टेकडीचा एखादा तुकडा, आणि तो केवढा ते आकड्यांच्या छापील टेबलात बघायचं. प्रीतीला हे पहिल्या दिवशी सांगितलं तर तिनं वहीत ही मोठी टेकडी काढली, अर्धी पेन्सिलीनं काळी करत बसली आणि म्हणाली, "सर, ही पिठाची रास दिसते बघा. आई भाकरीला घेते तेव्हा अशीच अर्धी ओढून घेते."

"इथं भाकऱ्या थापायच्या नाहीत," मी म्हणालो. "एका चित्राला दहा मिनिटं लावतेस. तीन चित्रं म्हणजे अर्धा तास. चित्राचा एक गुण सोड, चार घे. टेबलाच्या वरचं चित्रही बघायचं नाही, सरळ आकड्यावर जायचं. नियम म्हण."

"जास्त विचारलं तर अर्ध्यातून वजा, कमी विचारलं तर अर्ध्यात मिळवा," ती म्हणाली, आणि रबरानं टेकडी खोडून टाकली. पुढचे पाच महिने तिनं माझ्यासमोर एकही टेकडी काढली नाही.

परीक्षेचं कॉलेज दुर्गदबैलच्या बाजाराच्या मागच्या अंगाला. नऊ वाजताच हातगाड्या आणि रिक्षा एकमेकांत अडकलेल्या. श्रीलक्ष्मी सकाळी म्हणालीच होती, "अहो, तुम्ही कशाला जाता? तुमचं तोंड बघून पोरीला येत असलेलंही विसरायचं." तरी मी गेलो. दहाला पोरं आत गेली, घंटा झाली, आणि मी गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकान भार्गवी नावाच्या बाईचं. मशीन गरम होईपर्यंत तिनं चहा मागवला, मलाही एक दिला.

चहा पिता पिता मनाशी गणित केलं. माझी सवयच ती. प्रीतीचं नॉर्मलचं एक गणित चुकण्याची शक्यता पाचात एक धरू. तीन गणितं. तिन्ही चुकण्याची शक्यता, तर पाचात एक गुणिले पाचात एक गुणिले पाचात एक. हजारात आठ. हजारात आठ म्हणजे काहीच नव्हे. जीव भांड्यात पडला आणि मी कप ठेवायला जागा शोधू लागलो. मशीनशेजारी रद्दीचा गठ्ठा होता. त्याच्यावर कप ठेवला आणि वरच्या कागदावर आकडे दिसले. नॉर्मलचं टेबल. जुन्या मित्राकडे बघावं तसं मी त्याच्याकडे बघितलं.

पहिली ओळ. शून्यासमोर ०.५०००.

कप उचलला. पुन्हा बघितलं. माझ्या टेबलात शून्यासमोर शून्य असतं.

टेबलं दोन तऱ्हेची असतात, हे पोरांना सांगावं असं मला एकतीस वर्षांत कधी वाटलं नाही. एका तऱ्हेत टेकडीच्या मधल्या रेघेपासून मोजतात, ते अर्धं टेबल. दुसऱ्या तऱ्हेत पार डाव्या टोकापासून मोजत येतात, ते पूर्ण. दोनच्या आकड्यासमोर, म्हणजे मधल्या रेघेच्या उजवीकडे दोन पावलांवर, अर्ध्या टेबलात ०.४७७२ असतं, पूर्ण टेबलात ०.९७७२. आमच्याकडे पहिल्यापासून अर्धं टेबल चालत आलेलं, आणि माझा नियमही अर्ध्या टेबलाचा.

"हे कुणाचं?" मी भार्गवीला विचारलं.

"कॉलेजचंच की सर. युनिव्हर्सिटीकडून टेबलांचा गठ्ठा आला नाही म्हणे. शिपाई सकाळी लायब्ररीतलं पुस्तक घेऊन पळत आला, पन्नास प्रती काढून नेल्या. पुस्तक मोठं, कागद लहान, वरचं जरा कापलं गेलं. ही बिघडलेली राहिली."

वरचं म्हणजे ते चित्र, कुठून कुठवर मोजलंय ते दाखवणारं. चित्र असतं तरी प्रीतीनं ते बघितलं नसतं, कारण बघायचं नाही असं मीच पढवलं होतं. घड्याळात दहा वीस झाले होते.

आणि माझं ते हजारात आठ! असला गुणाकार करायचा तर गणितं एकमेकांपासून सुटी असावी लागतात, एकाच्या चुकण्याचा दुसऱ्याशी संबंध नसावा लागतो. बायनॉमियलच्या पहिल्याच तासाला मी हे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत असे. प्रीतीची तिन्ही गणितं एकाच कागदावर टांगलेली होती. कागद फसवा निघाला की तिन्ही एकदम खाली. बारा गुण गेले तर उरले एकवीस. तिनं हात कापू दिला नाही, तीन तास बसली, सगळं मी शिकवलं तसंच केलं, तरी नापास. नव्हे, मी शिकवलं तसं केलं म्हणूनच नापास.

मी गेटवर गेलो. वॉचमन आत सोडेना. परीक्षेचं काम बघणारा श्रीहर्ष माझाच जुना विद्यार्थी. निरोप पाठवला, तो दहा मिनिटांनी गेटपाशी आला, आधी वाकून नमस्कार केला. मी कागद पुढे केला.

"श्रीहर्ष, हे पूर्ण टेबल आहे. पोरं अर्ध्यावर शिकलीत. वरचं चित्र कापलं गेलंय. वर्गात एकदा सांग, बाबा रे, हे डावीकडून मोजलंय. एवढंच वाक्य."

त्यानं कागद बघितला. चेहरा उतरला, म्हणजे त्यालाही कळलं. "सर, विचारून बघतो," म्हणून तो आत गेला. मी गजाला धरून उभा. अकराला पाच कमी असताना परत आला. "युनिव्हर्सिटीला फोन केला होता सर. जे दिलंय त्यावरच सोडवायचं, हॉलमध्ये काही सांगायचं नाही म्हणाले."

"अरे, चूक तुमची..."

"आमचीच की सर. मी लेखी कळवतो. पण सर, नोकरीच्या पहिल्या वर्षाला तुम्हीच मला सांगितलं होतं, हॉलमध्ये सुपरवायझरनं तोंड उघडलं की ती कॉपी. मी तेव्हा नुसतं एका पोराला प्रश्न वाचून दाखवला होता. तुम्ही माझी ड्यूटी काढून घेतली होती."

काढून घेतली होती खरी. आणि त्याचा मला अभिमानही होता. मी पायरीवर येऊन बसलो.

आता तिचं तिलाच कळलं पाहिजे. कसं कळणार? "दोनपेक्षा कमी" विचारलं की ती म्हणणार, अर्ध्यात मिळवा. "जास्त" विचारलं की अर्ध्यातून वजा, म्हणजे उत्तर उणे. आणि उणे आलं की ही पोरगी काय करते ते मी डोळ्यांनी बघितलेलं. ऑगस्टमध्ये एकदा तिचं उत्तर उणे आलं, तर तिनं उण्याची रेघ गुपचूप खोडली. विचारलं तर म्हणाली, "चुकून आलं असेल म्हणून काढलं सर." तेव्हा मी तिला अर्धा तास फाडून खाल्लं होतं. आज मला वाटत होतं, तिला एवढं घाबरवलं नसतं तर बरं झालं असतं. घाबरलेलं माणूस उत्तराकडे बघत नाही, ते मास्तराच्या तोंडाकडे बघतं.

सव्वाअकराला गेटमधून एक मुलगी बाहेर आली. हिरवी ओढणी. प्रीतीची ओढणीही हिरवीच होती. मी उठलो. ती दुसरीच निघाली. बसलो. मग वाटलं, प्रीतीच येऊन जाऊ दे बाहेर, निदान हे बसणं तरी संपेल. लगेच स्वतःचीच लाज वाटली.

काहीतरी करायचं म्हणून मी त्या कागदाच्या पाठीमागे पेननं मांडून बघितलं. दोनपेक्षा कमी. अर्ध्यात मिळवा. ०.५ अधिक ०.९७७२.

१.४७७२.

आकडा लिहून झाला आणि माझा हात थांबला. हा आकडा मी ओळखत होतो. पाच वर्षांपूर्वी सगळ्या वर्गाला दाखवला होता तो हाच. म्हणजे तेव्हा त्या पोरीचं गणित चुकलंच नव्हतं. नियम माझा होता, मिळवणी बरोबर होती, टेबल तेवढं दुसऱ्या पुस्तकातलं होतं. मी वहीत डोकावून "कुठलं पुस्तक वापरतेस ग?" एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तिच्या चार खेपा गेल्याच नसत्या. मी विनोद केला. भार्गवीनं विचारलं, "सर, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" मी नको म्हणून मान हलवली.

बारा वाजले. साडेबारा. पोरं एकेक करून येत राहिली, हसत, प्रश्नपत्रिकेची गुंडाळी करत. एकाला मी थांबवून विचारलं, "नॉर्मलचं पहिलं उत्तर काय आलं रे?" तो म्हणाला, "एक पॉइंट काहीतरी आलं अंकल. लिहून टाकलं."

एकची घंटा झाली. गेट रिकामं झालं. सर्वांत शेवटी, एक वाजून सात मिनिटांनी प्रीती आली. हाताची बोटं शाईनं आणि पेन्सिलीनं काळी. मला पायरीवर बघून ती चालता चालता थबकली.

"शेवटपर्यंत बसले सर," ती लांबूनच म्हणाली.

"ते राहू दे. नॉर्मल?"

"तिन्ही सोडवली."

"उत्तरं सांग."

"पहिल्याचं ०.९७७२. दुसऱ्याचं ०.०२२८. तिसऱ्याचं ०.८१८५."

मी मनात पडताळून बघितलं. तिन्ही बरोबर. डोळ्यांत पाणी आलं ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसून टाकलं. "टेबल वेगळं होतं. तुला कसं कळलं?"

तिनं काळी बोटं ओढणीला पुसली. मग खाली बघत म्हणाली, "पहिल्यांदा १.४७७२ आलं सर."

मागे तोच आकडा लिहिलेला कागद मी घडी करून खिशात घातला.

"तो आकडा मी कशी विसरेन? हात कापायला लागला. उठून जावं वाटलं. पण तुम्ही इथं बसलेले, आणि पेपराचा पहिलाच तास. मग बसून टेकडी काढली. आईच्या पिठाची रास. दोन कुठं येतं ते मांडलं, आणि बघितलं तर, अर्ध्या राशीत ०.९७७२ पीठ बसेल कसं? अर्धी रास म्हणजे अर्धंच की. म्हणजे या कागदानं डावीकडची अर्धी आधीच धरलीय. मग तिन्ही गणितांना रास काढली आणि बघून बघून केलं. वर्गात तेव्हाही माझ्याकडं असलंच टेबल होतं, सर. आईच्या होस्टेलातल्या जुन्या पुस्तकातलं. मला वाटलं होतं, मलाच येत नाही."

"तुला येत होतं," मी म्हणालो. "वर्गात मी जे बोललो ते चुकलं माझं. फार चुकलं."

"असू दे की सर." ती घाईघाईनं म्हणाली, जणू तिलाच कुणी पकडलं होतं. "आणि चित्रं मी ठेवली नाहीत हां. तुम्हाला आवडत नाही म्हणून शेवटी तिन्ही खोडली. घंटा होईपर्यंत तेच चाललं होतं. रबर जुनं होतं, जरा डाग राहिले."

एका आकृतीला एक गुण, असे तीन गुण तिनं कमावले होते आणि माझ्या धाकानं पुसून टाकले होते. दुकानासमोर उभं राहून मी तिला एकेक प्रश्न विचारला. बायनॉमियलमध्ये एक चुकलं, तिथं बारा. प्रमेयं वगैरे मिळून सात. नॉर्मलचे आकृतीवाचून बारा. एकतीस. पुन्हा मोजलं, एकतीसच. एकतीस वर्षं मी पेपर तपासताना जे खोडलंय ते बघायचं नाही, दिसलं तरी गुण द्यायचा नाही, हा नियम पाळला होता आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावला होता. तिचा पेपर माझ्या हाती आला असता तर मी तिला एका गुणानं नापास केलं असतं आणि संध्याकाळी शांतपणे जेवलो असतो.

"किती होतील सर?" तिनं विचारलं.

"होतील," मी म्हणालो. "जेवलीस का सकाळी?"

निकाल लागेपर्यंतचे सव्वीस दिवस मी कसे काढले ते श्रीलक्ष्मीला विचारा. ती म्हणते, तिच्या पहिल्या बाळंतपणातही मी एवढ्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या. कुठल्या तरी गावात कुणीतरी एक परीक्षक प्रीतीच्या पेपराचं पान उलटणार, आणि तो माझ्यासारखा असू नये, एवढंच माझं मागणं होतं. आयुष्यभर पोरं माझ्यासारखी व्हावीत म्हणून ओरडलो, आणि शेवटी मागायची वेळ आली ती ही.

सत्ताविसाव्या दिवशी दुर्गव्वा आणि प्रीती आल्या. दुर्गव्वाच्या हातात डबा होता, शेंगदाण्याच्या पोळ्यांचा. या वेळी ती आत येऊन बसली. प्रीतीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून वाचलं, मग काढून, मग पुन्हा लावून.

चौतीस.

एकतीस आणि तीन. त्या माणसानं डाग बघितले होते. वहीचं पान उजेडाला धरलं असेल, पुसलेली रेघ शोधली असेल, तीन वेळा. मी त्याला ओळखत नाही, त्याचं गावही मला माहीत नाही. पण त्या घटकेला मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दुर्गव्वा डबा उघडत होती. "सर, तुम्ही तर एवढी वर्षं पेपर तपासलेत," ती म्हणाली. "तुम्ही हिला किती धरले होते?"

प्रीती माझ्याकडे बघत होती.

"चौतीस," मी म्हणालो, आणि पोळी हातात घेतली.